शेऱ्याचा रकाना

पारा काकूंना हे नाव का पडलं याबद्दल मालगोदामात दोन मतं होती. एक मत असं, की शीतखोलीचं तापमान बघून तक्त्यात भरणं हे त्यांचं काम, म्हणून पारा. दुसरं असं, की एकवीस वर्षांत कुणीही त्यांचा पारा चढलेला पाहिला नव्हता, म्हणून. खुद्द काकूंना विचारलं तर त्या म्हणत, "मापकात पारा नसतोच आता. बॅटरी असते." त्यांना थट्टा कळत नसे असं नाही, पण चुकीची माहिती कानावर पडली की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. हा स्वभाव माणसाला फार वर नेत नाही. काकूंना त्याने तळमजल्यावरच ठेवलं होतं.

गोदाम विमानतळाच्या मागच्या अंगाला होतं. तिथून परदेशी जाणारं खाणं निघे. थर्माकोलच्या पेट्यांत बर्फाच्या पिशव्यांमध्ये निजवलेली ताजी मासळी, द्राक्षं, शेंगा, दगडासारखे गोठलेले मटारचे पुडे. विमानं पुढच्या दाराने माणसं घेत आणि पोटात हा माल. माणसांना उशीर झाला तर ती भांडतात. मासळी भांडत नाही. ती फक्त वास मारते, तोही चार दिवसांनी, दुसऱ्याच देशात. तोवर ती ठीक आहे असं सांगणारा एक कागद लागतो. तो कागद म्हणजे तक्ता.

एका पाळीचा एक तक्ता. रकाने चार: वेळ, तापमान, सही आणि शेरा. सकाळच्या पाळीला मास्तर असत. ते पूर्वी शिकवण्या घ्यायचे, अक्षर मोत्यासारखं. पाळीवर आले की स्वेटर चढवायच्याही आधी ते आठ तासांचा तक्ता भरून मोकळे होत. रात्रपाळीच्या गड्याला सगळे 'जांभई' म्हणत. तो हेच काम सकाळी घरी जाताना उरकायचा. पद्धत निरनिराळी असली तरी दोघांची खोली कायम तीन अंशांच्या आसपास नांदत असे. मधल्या, म्हणजे दुपारी दोन ते रात्री दहाच्या पाळीला काकू. त्या दर दोन तासांनी खरोखर आत जात, खरोखर बघत आणि जे दिसेल ते लिहीत. याला कुणी प्रामाणिकपणा म्हणेल. खरं कारण साधं होतं. त्यांना मनाने आकडा सुचत नसे.

त्यातून त्यांनी एक जास्तीचं काम अंगाला लावून घेतलं होतं. माल घेऊन गाडी आली की एक पेटी उघडायची, मापकाची सुई आत खुपसायची आणि आलेला आकडा शेऱ्याच्या रकान्यात लिहायचा. हे कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "शेऱ्यात काय लिहायचं?" उत्तर मिळालं होतं, "सांगण्यासारखं काही असेल तर." उतरताना मासळी किती थंड होती ही गोष्ट काकूंना सांगण्यासारखी वाटली. बाकी सगळ्यांचे शेरे कोरे असत. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसे.

एकवीस वर्षांत थंडीने काकूंची बोटं घेतली. कापली-बिपली नाहीत, नुसती घेतली. आधी पांढरी पडत, मग जांभळी, मग बराच वेळ ती आहेत की नाहीत हे बघूनच कळे. घरी भाजीची फोडणी देताना तेल उडालं तर काकूंना ते जाऊबाईंच्या ओरडण्यावरून समजे. डॉक्टर म्हणाले, "थंडी सोडा." जणू काकू थंडी ओढत होत्या, दिवसाला दोन पाकिटं. "अजून दोन हिवाळे यात काढलेत तर बोटं काळी पडतील. मग आमच्याकडे यावं लागेल, आणि आम्ही कात्री घेऊन बसलेले असू."

सोडून जायचं तर वरच्या मजल्यावर जायचं. तिथे कागदांची खोली होती. प्रत्येक मालाबरोबर जाणारे दाखले, बिलं, तक्ते तिथे एकत्र टाचत. खिडकीला दुपारचं ऊन, कोपऱ्यात चहाची किटली. ज्या गृहस्थांना सगळे आजोबा म्हणत ते तिथून महिनाअखेर निवृत्त होणार होते, आणि गोदामाच्या साहेबांनी तीनदा सांगितलं होतं, "काकू, ती खुर्ची तुमची." एकदा बिलं द्यायला वर गेल्या असताना काकूंनी हळूच मापक काढून त्या खोलीचं तापमान पाहिलं होतं. सव्वीस पॉइंट दोन. त्या आकड्याची त्यांना मधूनमधून आठवण येई, जशी दुसऱ्या बायकांना माहेरची येते.

त्या दिवशी मंगळवार होता. अडीचच्या सुमाराला पांढरी थंड गाडी धक्क्याला लागली आणि ड्रायव्हर उडी मारून उतरला. हा काकूंचा धाकटा दीर. काकूंचे यजमान गेले तेव्हा नोकरीचा छापील अर्ज यानेच घरी आणून दिला होता आणि म्हणाला होता, "वहिनी, घरात बसून रडायचं तर रडा, पण तिथे पगारी रडता येईल." चार खोल्यांचं घर, दोन काकूंच्या, दोन दिराच्या, स्वयंपाकघर एक. काकू त्याला भाऊजी म्हणत आणि गोदामात त्याच्याशी अनोळखी माणसासारख्या वागत.

"वहिनी, पाहुणे आणलेत! दोनशे बारा. सगळे निपचित."

"चिठ्ठी?"

गाडीतल्या यंत्रातून वाटेतल्या तापमानाची छापील चिठ्ठी निघते, ती मालाबरोबर जोडायची असते. त्या यंत्रातला कागदाचा रोल चार महिन्यांपूर्वी संपला होता.

"चिठ्ठी मालकांकडे मागा. तीनदा रोल मागितला मी. तिसऱ्या खेपेला म्हणाले, तुला गाडी चालवायचीय का छापखाना?"

काकूंनी मधल्या थरातली एक पेटी काढली, सुई मासळीच्या पाठीत खुपसली आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

"किती?" भाऊजींनी विचारलं.

"दोन पॉइंट चार."

"बघा! जेवायला थांबलो तरी मशीन बंद करत नाही मी. घरच्या फ्रिजमध्ये एवढं थंड नसतं."

"घरचा फ्रिज सहावर आहे. तुमची लेक सारखी उघडते."

"तोही मोजलात?"

"मोजला."

"देवा," भाऊजी हमालांकडे बघून म्हणाले, "आमच्याकडे ताप आला तर सांगायची सोय नाही. यांना आधीच माहीत असतं."

काकूंनी शेऱ्यात लिहिलं: 'उतरताना मासळी २.४. चिठ्ठी नाही.' आणि पेट्या आत घेतल्या.

विमान त्या संध्याकाळचं होतं. पाचला कळलं की ते उद्या दुपारी येईल. शीतखोलीत आधीच द्राक्षांच्या राशी होत्या. त्यात ही मासळी, वर गोठलेल्या मटारच्या ट्रॉल्यांची याच वाटेने ये-जा. शीतखोलीच्या दाराला आठ महिन्यांपूर्वी एका ट्रॉलीने धडक दिली होती. तेव्हापासून त्याचं रबर लोंबत होतं आणि दार लावलं तरी चार बोटं उघडं राही. ट्रॉल्यांची घाई होती म्हणून कुणीतरी ते दोरीने बांधून सताड उघडंच ठेवलं. काकू दोनदा साहेबांना फोन करून आल्या. साहेब म्हणाले, "बघतो." काकूंनी तक्त्यात लिहिलं: चार वाजता ७.२. सहा वाजता ९.४. आठ वाजता ९.१. दहा वाजता ८.८. शेऱ्यात: 'दार लागत नाही. कळवले.' हे वाक्य त्यांनी गेल्या आठ महिन्यांत इतक्यांदा लिहिलं होतं, की आता हात आपोआप तिकडे वळे. मास्तरांच्या तक्त्यात मात्र ते दार कधी मोडलंच नव्हतं.

मासळी दुसऱ्या दिवशी गेली. आणि चौथ्या दिवशी तिची बातमी आली.

पेट्यांवर नखाएवढी एक चिकटपट्टी लावलेली असते. माल ठरावीक वेळेपेक्षा जास्त उबेत राहिला की ती लाल होते. ऊब लागली एवढं ती सांगते. कुठे लागली, कधी लागली, हे तिला विचारू नये. दोनशे बारांपैकी एकशे शहाऐंशी पट्ट्या लाल झाल्या होत्या. तिकडच्या तपासनिसाने फोटो पाठवले, सगळा माल फेकून दिला, आणि एक ओळ लिहिली: ही चूक कुणाची ते कळवावं, नाहीतर या गोदामातून आलेला ताजा माल पुढे घेतला जाणार नाही.

चूक कुणाची हे शोधायला समिती बसली. समितीत तीन माणसं होती, आणि त्यातल्या कुणीही कधी शीतखोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. निःपक्षपातीपणासाठी ते बरंच असतं. त्यांनी आधी तक्ते मागवले. पण तक्ते समितीकडे सोमवारी जायचे होते, आणि शनिवारी ते साहेबांच्या टेबलावर होते.

काकू पाळीवर येताच साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर तीन तक्ते शेजारी शेजारी मांडले होते.

"काकू, हे वाचा. रात्री दहाला खोली आठ पॉइंट आठ. सही तुमची. दहा वाजून पाच मिनिटांनी खोली तीन. सही रात्रपाळीची. पाच मिनिटांत?"

"ते चुकीचं आहे."

"कोणतं?"

"तीन."

"हां. म्हणजे दोघं चुकीचे आणि तुम्ही एकट्या बरोबर. बाहेरच्या माणसाला यातून काय दिसेल, सांगू? तुम्ही आलात की खोली तापते. तुम्ही गेलात की थंड होते."

काकूंनी यावर विचार केला. कागद बघता ते खरंच तसं दिसत होतं.

"दार मोडलंय, साहेब."

"दाराला नोटीस देता येत नाही, काकू. माणसाला देता येते." साहेबांनी खणातून एक कोरा तक्ता काढला आणि पुढे सरकवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. दाराचं रबर मागवायचं पत्र त्यांनी खरोखर लिहिलं होतं. ते वर गेलं होतं आणि वरच राहिलं होतं. "चौकशीत ज्याचं नाव आलं त्याला जागा बदलून देता येत नाही. नियमच आहे. आजोबा शुक्रवारी जातायत. मला ती खुर्ची तुम्हालाच द्यायचीय. हात बघा तुमचे."

काकूंनी हात पाहिले. टेबलाच्या कडेवर ठेवलेले होते, जांभळे.

"मग दोष कुणावर जाईल?"

साहेबांनी बोट वर केलं. काकूंनी छताकडे पाहिलं.

"विमान कंपनीवर. त्यांचंच विमान उशिरा आलं ना? त्यांना सवय असते. तुम्ही फक्त आकडे नीट भरा. आणि शेरा कोरा ठेवा."

"शेरा कोरा?"

"शेरा असला की लोक वाचतात."

आकडे नीट भरा म्हणणं सोपं होतं. काकू कोरा तक्ता घेऊन जेवणाच्या खोलीत बसल्या आणि अर्धा तास त्यांना पहिलाच आकडा सुचेना. घरी निघालेले मास्तर दारात थबकले, कागदाकडे पाहिलं आणि सगळं समजून समोर बसले. "कसं भरता तुम्ही?" काकूंनी विचारलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मास्तरांना काही विचारलं होतं, त्यामुळे ते खुलले.

"अहो, सरळ तीन, तीन, तीन नका लिहू. पोरं कॉपी करतात तसं दिसतं. हालचाल हवी. माल आत आला की थोडं चढवा. तीन पॉइंट चार. मग हळूहळू खाली. तीन पॉइंट एक. दोन पॉइंट नऊ. आणि एकदा मध्येच वर जाऊ द्या, कारण नसताना."

"कारण नसताना कसं जाईल?"

"तेच तर. खऱ्याला कारण लागत नाही हो, काकू. कारण खोट्याला लागतं." मास्तर स्वतःवर खूश झाले. "अठरा वर्षं भरतोय मी. एकदा तरी कुणी बोट ठेवलं?"

काकूंनी लिहिलं. ३.४, ३.१, २.९, ३.२. अक्षर नेहमीसारखं, सही नेहमीसारखी. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत पांढरा. जुना तक्ता साहेबांनी फाडून टाकायला सांगितला होता. पण कंपनीचा कागद रद्दचा शिक्का मारल्याशिवाय फाडता येत नाही, आणि शिक्का वरच्या खोलीत. म्हणून काकूंनी त्याची चौघडी करून पर्समध्ये ठेवली. भाऊजींच्या मासळीचा आकडा त्याच चौघडीत गेला हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष कारण नसताना वर जाण्याकडे लागलं होतं.

समितीने दोन दिवसांत निकाल लावला. गोदामाने तीन स्वच्छ तक्ते दिले. विमान कंपनीने नऊ पानी छापील नोंद दिली, तिला वेष्टनही होतं. मासळी पॅक करणाऱ्यांनी संगणकातला आलेख दिला. सगळ्यांकडे कागद होता. फक्त गाडीकडे नव्हता, कारण गाडीतला रोल संपलेला. पाणी जसं उताराकडे जातं तसा दोष बिनकागदाच्या जागेकडे गेला. वाटेत गाडीचं थंडीचं यंत्र बंद ठेवलं असावं, असा निष्कर्ष निघाला. गाडीच्या मालकाने लगेच ड्रायव्हर बदलला आणि विमानतळाने त्या ड्रायव्हरचा पास रद्द केला. पास गेला की थंड गाडी चालवणाऱ्याला त्या फाटकातून आत येता येत नाही. आणि थंड गाड्या दुसऱ्या कुठल्या फाटकातून जातच नाहीत.

बुधवारी सकाळी भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होते. समोर चहा. जाऊबाई ओट्याशी, पाठ करून.

"मी मशीन बंद ठेवलं म्हणे," भाऊजी म्हणाले. "मी! अगं, एकदा उन्हात गाडीत बसून जेवलो होतो, मासळीला पंखा आणि मला घाम. आठवतं ना?"

"आठवतं," जाऊबाई न वळता म्हणाल्या.

"पण काळजी नाही. वहिनी, तुम्ही सुई घातली होती ना त्या दिवशी? दोन पॉइंट चार. सगळ्यांसमोर. ते तुमच्या तक्त्यात असेलच की. ते दाखवलं की झालं!"

काकू भाजी निवडत होत्या. हातातली शेंग तशीच राहिली. त्यांच्या डोळ्यांपुढे तो पांढरा रकाना वरपासून खालपर्यंत उभा राहिला, आणि साहेबांचं बोट विमानाकडे जाण्याआधी वाटेत कुठे थांबलं ते त्यांना आत्ता दिसलं.

"तक्ते समितीकडे गेलेत," त्या म्हणाल्या. हे खरं होतं.

"मग सापडेल त्यांना. नीट बघितलं नसेल. मी जाऊन भेटतो."

काकू त्या दिवशी तासभर आधीच गोदामात पोचल्या आणि थेट साहेबांकडे गेल्या. पर्समधली चौघडी काढून टेबलावर उलगडली. साहेबांनी ती मन लावून, वरपासून खालपर्यंत वाचली.

"अक्षर छान आहे हो तुमचं."

"गाडीत दोन पॉइंट चार होतं, साहेब. शेऱ्यात आहे."

"आहे ना. आणि शेजारच्या रकान्यात काय आहे? सहाला नऊ पॉइंट चार. हा कागद पुढे केला की गाडी सुटली. मग अडकली कोण? खोली. कुणाच्या पाळीत? शिवाय समितीकडे एक तक्ता आहेच, त्यावरही तुमचीच सही. एक माणूस, एक दिवस, दोन तक्ते. यातला खोटा कोणता ते समिती शोधत बसेल. खोटं लिहिलं कुणी, ते शोधावं लागणार नाही."

"तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिला."

"मी कुठे लिहून दिलंय?" साहेब अगदी हळू बोलत होते, आजारी माणसाशी बोलावं तसं. "काकू, तुमच्या दिराचं मला वाईट वाटतं. खरंच. पण तो चाळिशीतला गडी आहे, हातात स्टिअरिंग आहे, कुठेही पोट भरेल. तुम्हाला या वयात, या बोटांनी, बाहेर कोण उभं करेल?" त्यांनी चौघडीच्या घड्यांवर कागद पुन्हा दुमडला आणि काकूंकडे सरकवला. घेतला मात्र नाही. "कागद तुमचा आहे. तुम्ही ठरवा. सोमवारी वर कुणाला बसवायचं, तेवढं मला शुक्रवारपर्यंत सांगा."

त्या दिवशीही काकूंनी पाळी भरली. चारला गेल्या, सहाला गेल्या. सहाच्या फेरीत मापक हातातून पडलं. पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांना कळलं की ते हातात होतं. उचलायला वाकल्या तर बोटं त्याच्याभोवती मिटेनात. शेवटी दोन्ही तळव्यांच्या चिमट्यात धरून उचललं, लहान मूल वाटी उचलतं तसं. नंतर दिव्याच्या काचेला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या.

शुक्रवारी त्यांनी आजोबांकडून किल्ल्या घेतल्या.

त्याच रविवारी भाऊजी बाहेरून आले, चपला काढल्या आणि काकूंच्या खोलीच्या दारात उभे राहिले. मागे जाऊबाई.

"भेटलो समितीतल्या एकाला. भला माणूस निघाला. तक्ता उघडून दाखवला मला. वहिनी, शेरा कोरा आहे."

काकू चादरीची घडी घालत राहिल्या.

"तुम्ही लिहिलं नव्हतंत?"

"राहिलं असेल," काकू म्हणाल्या.

"राहिलं?" जाऊबाई पुढे आल्या. "तुमच्याकडून? दुधाची पिशवी किती वाजता आली ते कॅलेंडरवर लिहिता तुम्ही. माझ्या बाळंतपणात कळांचं टिपण ठेवलं होतंत, मिनिटांसकट. आणि हे राहिलं?"

"अगं, गप," भाऊजी म्हणाले.

"का गप? यांना विचारायचं नाही तर कुणाला?"

"माणूसच आहेत ना त्या, यंत्र आहेत का? खोली भरलेली, मटारवाले डोक्यावर. मी होतो तिथे, मला माहितेय. एखाद दिवस राहतं." भाऊजी वळून काकूंशी बोलले, आवाज मुद्दाम हलका करून. "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एकवीस वर्षांत एकदा विसरलात. माझंच नशीब असं की नेमकं तेव्हा मी गाडी आणली."

जाऊबाई काकूंकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर खुंटीवरच्या पर्सवर गेली. तिथून ती खाली, काकूंच्या हातांवर आली. त्या वळून आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी काकूंशी भांडणं बंद केलं. एका स्वयंपाकघरात ते फार जाणवतं.

कागदांची खोली होती तशीच होती. सव्वीस पॉइंट दोन, फार तर थोडं जास्त. पहिले दोन दिवस काकू दर दोन तासांनी उठून उभ्या राहत आणि कुठे जायचं ते न सुचून पुन्हा बसत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप त्यांना गरम लागला. त्यांनी तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. गरमच होता.

भाऊजी घरी होते. गाडी चालवणारा माणूस, हात शिवशिवत. त्यांनी रोज काकूंना स्कूटरवरून गोदामापर्यंत सोडायचं काम स्वतःकडे घेतलं. "मला सवड आहे, तुम्हाला नोकरी आहे," असं म्हणाले. फाटकाशी थांबायचे, कारण पास नव्हता. फाटकावरचे रखवालदार त्यांना चौदा वर्षं ओळखत होते. आता ते लांबून नुसती मान हलवत.

दुसऱ्या आठवड्यात स्कूटरवरून उतरता उतरता काकूंच्या हातात त्यांनी एक छापील अर्ज ठेवला.

"पास परत मिळावा म्हणून करता येतो म्हणे. मी लिहिला तर शिव्या जातील त्यात. तुम्ही लिहा. आणि हा वरच्याच खोलीत द्यायचा असतो, म्हणजे तुमच्याकडेच. बघा, आपलं माणूस आत असलं की किती सोपं होतं! मी थांबतो इथेच."

काकू वर गेल्या आणि लिहायला बसल्या. बोटं बरीच सुधारली होती. पेन नीट धरता येत होतं. अर्जदाराचं नाव. पास क्रमांक. सेवेची वर्षं, चौदा. या काळातल्या तक्रारी, एकही नाही. मग 'अर्जदाराचे म्हणणे'. त्याखाली काकूंनी लिहिलं, की वाटेत थंडीचं यंत्र अखंड चालू होतं, चिठ्ठीचा रोल तीन वेळा मागूनही मिळाला नव्हता, आणि माल उतरवताना त्याचं तापमान योग्य होतं. योग्य म्हणजे किती, ते त्यांनी लिहिलं नाही. आकडा लिहिला की तो कुठून आला ते विचारतात.

शेवटचा रकाना होता 'सोबत जोडलेले पुरावे'.

पर्स खुर्चीच्या पाठीला लटकत होती. खिडकीतून फाटक दिसत होतं. भाऊजी उन्हात स्कूटरला टेकून उभे होते आणि आत चाललेल्या एका पांढऱ्या गाडीच्या नव्या ड्रायव्हरला वळण कसं घ्यायचं ते हातवारे करून सांगत होते. गाडी आत गेली. त्यांनी कपाळावर हात धरून वर खिडकीकडे पाहिलं, आणि झालं का, असं खुणेने विचारलं.

काकूंनी रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'निरंक'. अर्जावर आवक शिक्का मारला, तारीख घातली, आवक वहीत क्रमांक टाकला आणि खिडकीशी जाऊन मान हलवली. झालं.

अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचा नियम होता, आणि ते उत्तर याच टेबलावरून जायचं होतं. त्यासाठी काकूंना फारसं काही करावं लागणार नव्हतं. नकाराच्या पत्राची छापील थप्पी आजोबा डाव्या खणात ठेवून गेले होते. त्यात फक्त नावाची जागा मोकळी होती.